अलोनिसोसची सुट्टी: बोटीपासून मागे मोजत आखायची, टप्प्याटप्प्याने

ग्रीसमधल्या अलोनिसोस बेटाला जायचं ठरवलेल्या कुणाचा फोन आला की मी पहिला प्रश्न एकच विचारते, "विमानाची तिकिटं काढली का?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "हो, ती आधीच काढली, स्वस्त मिळाली." घोळ तिथेच सुरू झालेला असतो.

या बेटावर विमानतळ नाही. उत्तर स्पोरादेस बेटांच्या रांगेत स्कियाथोस, मग स्कोपेलोस आणि त्यापुढे अलोनिसोस. इथे पोहोचायचा आणि इथून निघायचा रस्ता म्हणजे पातितिरी बंदरातली बोट. ती रोज एकाच वेळेला नसते, ऋतूप्रमाणे बदलते आणि वारा सुटला की रद्दही होते. म्हणून आखणी घरापासून बेटाकडे करायची नाही. बेटापासून घराकडे, उलटी मोजत यायची. खालचे टप्पे त्याच क्रमाने आहेत. क्रम मोडू नका.

टप्पा १: हे बेट आपल्याला झेपेल का, ते ठरवा

पांढरीशुभ्र घरं, निळे घुमट आणि सूर्यास्ताला फोटोसाठी उसळलेली गर्दी हवी असेल, तर ती सान्तोरिनीला मिळेल. अलोनिसोस पाइनच्या झाडांचं बेट आहे. दुपारी उन्हात झाडांच्या चिकाचा वास येतो, रातकिड्यांसारखे सिकाडा कर्कश ओरडत असतात आणि रात्री आठला सुद्धा गावात घाई नसते. रात्रीचे क्लब नाहीत. किनारे बहुतेक गोट्यांचे आहेत, आपल्या गुहागर-काशिदसारखी लांबलचक वाळू नाही.

घरातल्या प्रत्येकाला हे आधी सांगा. विशेषतः कॉलेजातल्या मुलांना. तिसऱ्या दिवशी "इथे करायचं काय?" हा प्रश्न यायला नको.

किमान मुक्काम ५ रात्री. ३ रात्रींसाठी जात असाल तर जाऊ नका, येण्याजाण्यातच जीव दमेल.

टप्पा २: महिना निवडा

मेचा उत्तरार्ध ते जूनचा मध्य, नाहीतर सप्टेंबर. महाराष्ट्रातल्या शाळांची उन्हाळी सुट्टी पहिल्या काळात बरोबर बसते. बेट तेव्हा हिरवंगार असतं, खोल्या मिळतात आणि पायवाटांवर चालता येतं. एकच उणीव म्हणजे मे महिन्यात समुद्राचं पाणी थंड असतं. पोहणं हाच मुख्य हेतू असेल तर सप्टेंबर बरा, कारण उन्हाळाभर तापलेलं पाणी तेव्हाही उबदार असतं.

जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा कोरडा वारा वाहतो. आकाश निरभ्र असतं आणि तरीही समुद्र खवळलेला असतो. १५ ऑगस्टला मेरीमातेचा मोठा सण असतो, त्याच्या आगेमागे निम्मा ग्रीस गावी निघतो. आपल्याकडे गणपतीला कोकणात जाणाऱ्या गाड्यांची जी अवस्था असते, ती तेव्हा बोटींची असते.

सावध: दिवाळीच्या सुट्टीत हा बेत आखू नका. ऑक्टोबर संपता संपता बहुतेक खाणावळी आणि खोल्या बंद होतात, बोटीही विरळ होतात. दरवर्षी कुणीतरी हे विचारतं आणि दरवर्षी मी नाहीच म्हणते.

टप्पा ३: बोट पक्की करा, बाकी सगळं नंतर

इथे घाई करू नका. सगळी सहल याच टप्प्यावर उभी आहे.

अलोनिसोसला जायचे मुख्य रस्ते असे:

व्होलोस या बंदर-शहरामार्गे. अथेन्सच्या लिओसिओन बस स्थानकावरून व्होलोसची बस मिळते, प्रवास साधारण ४ ते साडेचार तास. व्होलोसहून जलद बोट अडीच-तीन तासांत पोहोचवते. गाड्या वाहून नेणाऱ्या मोठ्या बोटीला त्याहून बराच जास्त वेळ लागतो.

स्कियाथोसमार्गे. अथेन्सहून छोटं विमान पाऊण तासात स्कियाथोसला उतरवतं. तिथला विमानतळ बंदरापासून टॅक्सीने दहा मिनिटांवर आहे. पुढे जलद बोटीने तास-दीड तास, मोठ्या बोटीने त्याहून जास्त.

उन्हाळ्यात आयोस कोन्स्तान्तिनोस बंदरातूनही बोटी सुटतात. ते अथेन्सपासून रस्त्याने सुमारे दोन तासांवर आहे. पण तिथल्या फेऱ्या मोजक्या, म्हणून आधी वेळापत्रक बघा.

कागदावर स्कियाथोसचा रस्ता सर्वांत झटपट दिसतो. तरी लहान मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील तर मी व्होलोसच सुचवते. स्कियाथोसची विमानं थोडी असतात. एक चुकलं की बोट जाते आणि बोट गेली की ऐन हंगामात त्या बेटावर रात्रीपुरती खोली शोधावी लागते. व्होलोस हे चांगलं मोठं शहर आहे. बोट रद्द झाली तरी तिथे हॉटेल, औषधाचं दुकान, जेवण सगळं हाताशी असतं.

आता क्रम:

१. तुमच्या आठवड्यातल्या प्रत्येक वाराचं वेळापत्रक उघडा. "रोज बोट आहे" एवढ्यावर थांबू नका. मंगळवारी सकाळी सुटणारी बोट बुधवारी दुपारी सुटू शकते.

२. जाण्याची आणि परतीची, दोन्ही बोटी बघा. लोक जाण्याची बघतात आणि परतीची "तिथे गेल्यावर बघू" म्हणून सोडून देतात.

३. बोट कोणत्या जातीची ते बघा. हायड्रोफॉइल आणि कॅटामरान जलद, पण बंदिस्त. त्यात उघड्या डेकवर बसायला मिळत नाही आणि लाटांवर चांगलीच आदळआपट होते. मोठी बोट संथ पण स्थिर असते, डेकवर वारा खात बसता येतं. गाडी लागणाऱ्यांनी मोठीच बोट घ्यावी.

४. उतरायचं ठिकाण "अलोनिसोस" किंवा "पातितिरी" असंच आहे ना, ते तपासा. वाटेत स्कोपेलोस बेटावर दोन बंदरं लागतात, एक ग्लोसा आणि एक स्कोपेलोस गाव. नावं गडबडीत वाचली की तिकीट भलतंच निघतं.

५. तिकिटावरचं नाव पासपोर्टप्रमाणे लिहा, नुसतं "सौ. कुलकर्णी" नाही.

दूरच्या महिन्याचं वेळापत्रक अजून लागलेलं नसलं तर गेल्या वर्षीच्या त्याच आठवड्याचं बघून कच्चा आराखडा करा, पण न बदलणारी तिकिटं काढू नका.

तपासणी: कागदावर चार गोष्टी लिहिल्या का? जाण्याच्या बोटीचा वार आणि वेळ, परतीच्या बोटीचा वार आणि वेळ. लिहून झाल्याशिवाय पुढच्या टप्प्याला हात लावू नका.

टप्पा ४: आता विमान, आणि दोन मोकळ्या रात्री

मुंबईहून अथेन्सला बहुतेक जण आखाती शहरांतून किंवा इस्तंबूलमार्गे जातात. विमान किती वाजता उतरतं याला इथे फार महत्त्व आहे. दुपारी दोनला उतरलात, तर सीमेवरची रांग, सामान आणि बस धरून त्या दिवशी बेटावर पोहोचत नाही. २०२५ च्या ऑक्टोबरपासून शेंगेन, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या, सीमेवर नवी प्रवेश-नोंदणी सुरू झाली आहे, त्यामुळे रांगेला जास्तीचा वेळ धरा.

रात्रींचा हिशोब असा ठेवा: जाताना एक रात्र व्होलोसला किंवा अथेन्सला. मग बेट. परतताना शेवटची रात्र अथेन्सलाच.

ही शेवटची रात्र पुष्कळ जण पैसे वाचवायला कापतात. पहिल्या खेपेला आम्हीही कापली होती. परतीच्या सकाळी बॅगा घेऊन पातितिरीच्या धक्क्यावर आलो, तर तिकीट खिडकीतल्या बाईंनी मान वर करून "त्स्क" केलं आणि एकच शब्द उच्चारला, "आपागोरेफ्तिको". म्हणजे बंदर खात्याने बोटी सोडायला मनाई केली आहे. ऊन लख्ख पडलं होतं, आकाशात ढगाचा ठिपका नव्हता. आमच्याकडे बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की मच्छीमार होड्या ओढून घेतात, तसाच हा प्रकार, हे कळायला वेळ लागला. बोट दुसऱ्या दिवशी सुटली. विमान आदल्या रात्रीच गेलं होतं. तीन माणसांची नवी तिकिटं काढावी लागली. अथेन्सची एक रात्र त्यापुढे काहीच नव्हती.

तिकडे वाऱ्याचा जोर बोफर्ट या ० ते १२ च्या मोजपट्टीवर सांगतात. अंदाजात ६-७ दिसू लागले की हायड्रोफॉइल रद्द होण्याची तयारी ठेवा. ८ च्या पुढे मोठ्या बोटींचाही भरवसा नाही.

सावध: बोट रद्द झाली तर तिकिटाचे पैसे परत मिळतात किंवा पुढची बोट मिळते. विमान कंपनीचा त्याच्याशी काहीही संबंध नसतो.

टप्पा ५: राहायची जागा

चार जागांतून निवडायचं असतं.

पातितिरी हे बंदराचं गाव. दुकानं, एटीएम, औषधं, आरोग्य केंद्र, गाडी भाड्याने देणारे, सहलीच्या होड्या, सगळं इथेच. गाडी चालवायची नसेल तर इथेच राहा.

व्होत्सी शेजारचं छोटं बंदर, चालत जाता येतं. पातितिरीपेक्षा शांत.

खोरा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं जुनं गाव. १९६५ च्या भूकंपानंतर बहुतेक लोक खाली पातितिरीला आले आणि पुढे बाहेरच्यांनी इथली घरं दुरुस्त केली. सर्वांत देखणं गाव हेच. पण गाडी गावाबाहेर राहते आणि पुढे दगडी पायऱ्या लागतात. फोटो बघून लोक खोली घेतात आणि मग गुडघे दुखणाऱ्या सासूबाईंना दिवसातून दोनदा तो चढ चढवतात. तसं करू नका. खोरा गावात संध्याकाळी जेवायला जा, राहायला खाली या.

स्तेनी वाला ही पूर्व किनाऱ्यावरची छोटी खाडी, पातितिरीपासून बारा-एक किलोमीटर. नांगरलेल्या शिडाच्या होड्या, पाण्याला लागून मोजक्या खाणावळी. मला विचाराल तर हीच जागा. फक्त गाडी हवी.

खोली घेताना तीन प्रश्न लेखी विचारा: बंदरावर घ्यायला याल का, स्वयंपाकाची सोय आहे का, बोट रद्द झाल्याने एक दिवस उशिरा आलो तर काय? छोट्या घरमालकांपैकी पुष्कळ जण बंदरावर स्वतः गाडी घेऊन येतात. मात्र बोटीचं नाव आणि वेळ आधी कळवावी लागते.

खोलीच्या भाड्याशिवाय सरकारी हवामान-शुल्क तिथे गेल्यावर वेगळं भरावं लागतं. २०२५ च्या दरांप्रमाणे एप्रिल ते ऑक्टोबर दर रात्री भाड्याच्या साध्या खोलीला २ युरो, तीन तारांकित हॉटेलला ५ युरो, अल्पमुदतीच्या घराला ८ युरो. हे माणशी नसून खोलीमागे किंवा घरामागे असतं. मालक फसवतोय असं समजून भांडू नका.

टप्पा ६: व्हिसा

भारतीय पासपोर्टला शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून देता येतो आणि निदान १५ दिवस आधी द्यावाच लागतो. उन्हाळ्याआधी भेटीच्या वेळा भराभर भरतात, म्हणून दोन-तीन महिने हातात ठेवा. शुल्क मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५ युरो, त्याहून लहानांना नाही. अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचं शुल्क वेगळं.

पासपोर्ट गेल्या १० वर्षांतला हवा, युरोपातून परतण्याच्या तारखेनंतर किमान ३ महिने चालू हवा आणि दोन पानं कोरी हवीत. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा, साऱ्या शेंगेन देशांत चालणारा.

चुका कुठे होतात ते सांगते.

पहिली: पॅरिसला ५ रात्री, ग्रीसमध्ये ४, आणि अर्ज ग्रीसकडे. अर्ज जिथे जास्त रात्री त्या देशाकडे द्यायचा असतो. रात्री सारख्याच असतील तर जिथे पहिलं पाऊल पडतं त्या देशाकडे.

दुसरी: दिनक्रमात रात्र गहाळ. अथेन्सला ४ तारखेला उतरलात आणि खोली ५ पासून दाखवलीत, तर ४ ची रात्र कुठे, असा प्रश्न उभा राहतो. प्रत्येक तारखेपुढे गाव, खोली आणि प्रवासाचं साधन लिहा. "व्होलोस ते अलोनिसोस, बोट" हे सुद्धा.

तिसरी: विमा नेमका विमानाच्या तारखांइतकाच. बोट चुकून मुक्काम लांबू शकतो, म्हणून मागे दोन-तीन दिवस जादा घ्या.

तपासणी: विमान, खोल्या, बोट, विमा आणि अर्ज, पाचही कागद टेबलावर शेजारी ठेवून तारखा मोठ्याने वाचा. दुसऱ्याला ऐकायला बसवा. वाचणाऱ्याला न दिसलेली चूक ऐकणाऱ्याच्या ध्यानात येते.

टप्पा ७: सामान

एका माणसाला स्वतःला बोटीच्या उतारावरून ओढता येईल एवढीच बॅग. यात तडजोड नाही.

पाण्यात घालायचे रबरी बूट सगळ्यांसाठी घ्या. इथल्या खडकांना सी अर्चिन चिकटलेले असतात, काळे काटेरी गोळे. माझ्या मुलाने अनवाणी पाय टेकवला तेव्हा टाचेत नऊ काटे मोडले. ते पेन्सिलीच्या टोकासारखे कातडीच्या आत काळे दिसत होते. समोरच्या खाणावळीतल्या आजींनी ऑलिव्ह तेल चोळून, चिमट्याने एकेक काढायला अर्धा तास लावला. म्हणून चिमटाही घ्या.

आपले तीन पिनांचे प्लग तिथे बसत नाहीत, दोन गोल पिनांचा अॅडॉप्टर लागतो. रोजची औषधं डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत ठेवा. बोट लागण्याची गोळी, टोपी आणि चालायचे बूट विसरू नका. युरोच्या थोड्या नोटा जवळ असू द्या. कार्ड सगळीकडे चालतं, पण मशीन अधूनमधून बंद पडतं.

टप्पा ८: प्रवासाचा दिवस

अथेन्स विमानतळावरून एक्स ९३ ही बस शहरातल्या दोन्ही मोठ्या बस स्थानकांना जाते, किफिसोस आणि लिओसिओन. तुम्हाला उतरायचंय लिओसिओनला. चालकाला चढतानाच सांगून ठेवा.

व्होलोसला बस स्थानकापासून बंदर चालत साधारण पंधरा मिनिटांवर आहे. बोटीआधी पाऊण तास धक्क्यावर हजर राहा. बोट पाठ करून धक्क्याला लागते, मागचा लोखंडी दरवाजा खाली पडतो आणि माणसं, मोटारी, भाजीचे टेम्पो एकदमच आत-बाहेर करू लागतात. बावरायचं नाही. मुलांचा हात धरायचा आणि एका कडेने आत शिरायचं. मोठ्या बोटीत बॅगा खालीच गाड्यांच्या मजल्यावर बंदराप्रमाणे लावलेल्या जागी ठेवतात. "अलोनिसोस" अशी जागा विचारून घ्या. पासपोर्ट, पैसे आणि औषधं वर आपल्याजवळ.

सावध: प्रत्येक बंदरात बोट काही मिनिटंच थांबते. स्कोपेलोस सुटलं की बॅगांकडे सरका, घोषणेची वाट बघू नका.

टप्पा ९: बेटावर फिरणं

उन्हाळ्यात पातितिरी, खोरा आणि स्तेनी वाला या मार्गावर बस चालते. फेऱ्या कमी असतात, म्हणून वेळापत्रकाचा फोटो काढून ठेवा. टॅक्सी मोजक्याच आहेत. गाडी सलग पाच दिवस घेण्यापेक्षा दोन दिवस घ्या आणि बाकीचे दिवस चाला.

गाडीसाठी भारतीय परवान्याबरोबर इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट लागतं. ते भारतातून निघण्याआधीच आरटीओतून काढायचं, १,००० रुपये, मुदत एक वर्ष. तिथे गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते. पहिले दहा मिनिटं सगळं नीट जमतं, चूक होते ती रिकाम्या रस्त्यावर वळल्यानंतर. शेजारी बसणाऱ्याने प्रत्येक वळणाला "उजवीकडे" म्हणायचं, हा आमच्या घरचा नियम.

स्कूटर हवी असेल तर परमिटवर दुचाकीची नोंद आहे ना ते बघा. नसेल आणि अपघात झाला, तर विमा हात वर करतो. किनाऱ्यांकडे उतरणारे काही रस्ते कच्चे आहेत आणि टायर किंवा गाडीचं पोट घासलं तर ते बहुधा विम्यात धरत नाहीत. कागदावर सही करण्याआधी विचारा आणि गाडीचा चारही बाजूंनी व्हिडिओ काढा. पेट्रोल पातितिरीजवळच भरून निघा.

चालण्यासाठी पायवाटांना क्रमांक दिलेले आहेत. सुरुवात पातितिरी ते खोरा या जुन्या फरसबंदी वाटेने करा. चढ आहे, म्हणून सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर, आणि माणशी एक लिटर पाणी घेऊन.

टप्पा १०: किनारा रोज वारा बघून ठरवा

"आज हा, उद्या तो" असं घरून ठरवून आणू नका. सकाळी वारा कुठून येतो ते बघा.

उत्तरेचा वारा असेल तर खोरा गावाखालचा दक्षिणेकडचा मेगालोस मुर्तियास शांत असतो. पूर्व किनाऱ्याला समोरच्या पेरिस्तेरा बेटाचा आडोसा मिळतो, म्हणून स्तेनी वाला आणि आयोस दिमित्रिओसकडचं पाणीही बरंच निवांत राहतं. लहान मुलांसाठी ख्रिसी मिलिया: वाळू, उथळ पाणी आणि पाइनची सावली अगदी पाण्याजवळ. लाल कड्याखालचा कोकिनोकास्त्रो सर्वांत देखणा, पण कड्याच्या पायथ्याशी चटई पसरू नका, वरून माती-दगड सुटतात.

दुपारी ३ ते साडेपाच ही ग्रीसमध्ये शांततेची वेळ मानतात. खोलीच्या बाल्कनीत तेव्हा स्पीकर लावू नका आणि मोठ्याने व्हिडिओ कॉलही करू नका.

टप्पा ११: सागरी उद्यानाची होडी

अलोनिसोसभोवतीचा समुद्र १९९२ पासून राष्ट्रीय सागरी उद्यान आहे, मुख्यतः भूमध्य समुद्रातल्या मंक सीलसाठी. होड्या पातितिरी आणि स्तेनी वालाहून सुटतात, निळ्या गुहेपाशी नि किरा पनाया बेटावरच्या मठापाशी थांबतात.

ही सहल मुक्कामाच्या पहिल्या पूर्ण दिवशीच आखा. वाऱ्याने रद्द झाली तर पुढचे दिवस हातात राहतात. शेवटच्या दिवसासाठी ठेवणाऱ्यांची हमखास हुकते.

मठात खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे लागतात, एक ओढणी बॅगेत असू द्या. सील दिसेलच असं नाही, आणि न दिसणंच तिच्या भल्याचं. गुहेत पोहत शिरू नका, तिथे ती पिल्लं वाढवते. उद्यानातलं पिपेरी बेट तर होड्यांना पूर्ण वर्ज्य आहे, तिथे न्यायला कुणी तयार झालाच तर नकार द्या. सीलबद्दल समजून घ्यायचं असेल तर पातितिरीच्या धक्क्याजवळ मोम या संस्थेचं माहिती केंद्र आहे, मुलांना आधी तिथे न्या.

पेरिस्तेराजवळ समुद्रतळाशी प्राचीन जहाजाचे कुंभ पडून आहेत आणि २०२० पासून ते पाण्याखालचं संग्रहालय म्हणून खुलं झालं. तिथे डायव्हिंगचं प्रमाणपत्र असलेल्यांनाच मार्गदर्शकासोबत उतरता येतं.

टप्पा १२: शाकाहारी जेवण

डाळ-तांदळाचं पीठ भरून न्यायची गरज नाही. खाणावळीत "लादेरा" विचारा, म्हणजे ऑलिव्ह तेलात शिजवलेल्या भाज्या. फासोलाकिया ही टोमॅटोतली फरसबी, ब्रियाम ही भाज्यांची भाजलेली मिसळण, यिगांदेस हे मोठे पांढरे वाल. उपासाला चालणाऱ्या पदार्थांना "निस्तिसिमा" म्हणतात, त्यात मांस, दूध आणि अंडं नसतं. १ ते १४ ऑगस्ट हा त्यांचा उपासाचा काळ. मात्र निस्तिसिमात कालव, कोळंबी, माकूळ चालतात, हे विसरू नका.

फसवणाऱ्या गोष्टी: येमिस्ता म्हणजे भरल्या भोपळी मिरच्या आणि टोमॅटो, त्यात कधी भात, कधी खिमा. द्राक्षाच्या पानांच्या दोल्मादेसचंही तसंच. तारामोसालाता गुलाबी चटणीसारखी दिसते, ती माशाच्या अंड्यांची असते. बटाटे बहुधा माकूळ तळलेल्या तेलातच तळतात. "खोरिस क्रेआस" म्हणजे मांसाशिवाय, "खोरिस प्सारी" म्हणजे माशांशिवाय. दोन्ही म्हणा, नुसतं पहिलं म्हटलं तर मासा येऊ शकतो. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी स्वयंपाकघर असलेलीच खोली घ्यावी.

आणि एक गोष्ट मराठी माणसाने घोकून ठेवावी: ग्रीकमध्ये "ने" म्हणजे हो. आपल्या कानाला ते "नै" ऐकू येतं आणि आपण "बरं, राहू दे" म्हणून उठतो. नाही म्हणायचं असेल तर ते "ओही" म्हणतात किंवा नुसती मान वर करतात.

इथली चीज-पाय सकाळीच खा. पातळ पोळीत बकरीचं चीज भरून लांब वळी करतात, ती चकलीसारखी गोल गुंडाळतात आणि तेलात सोडतात. काढल्यावर दोन मिनिटं थांबा. आतलं चीज जीभ भाजतं.

टप्पा १३: आग आणि आणीबाणी

पाइनचं जंगल उन्हाळ्यात सुक्या काडीसारखं पेटतं. १ मे ते ३१ ऑक्टोबर हा आगीचा हंगाम. उघड्यावर शेकोटी, चूल, कोळशाची शेगडी काही नको. सिगारेटचं थोटूक गाडीबाहेर टाकू नका. धोक्याच्या दिवशी जंगलातल्या वाटा बंद करतात, तेव्हा "आपण थोडंच जाऊन येऊ" म्हणू नका. फोनवर ११२ या आणीबाणीच्या क्रमांकाकडून कर्कश इशारा आला तर वाचा आणि सांगितलेल्या दिशेने लगेच निघा.

कुठल्याही मदतीसाठी ११२. रुग्णवाहिका १६६, अग्निशमन १९९, तटरक्षक १०८. गंभीर रुग्णाला बेटाबाहेर मोठ्या रुग्णालयात न्यावं लागतं, म्हणून विम्याचा क्रमांक प्रत्येकाच्या फोनमध्ये असावा.

टप्पा १४: परतायच्या दोन दिवस आधी

बंदरावरच्या तिकीट कार्यालयात जाऊन विचारा, "परवा बोट आहे ना?" वाऱ्याचा अंदाज वाढता असेल तर त्याच खिडकीत आदल्या दिवशीची बोट मागा. जागा असेल तर बहुतेक वेळा बदलून मिळते, आणि बेटावरचा एक दिवस कमी झाला तरी चालेल. घरमालकालाही तेव्हाच सांगा. शेवटच्या सकाळी कचरा वेगळा करून ठेवा. आंघोळीला पाणी बेताने वापरा, बेटावर ते कमीच असतं. संडासातला कागद शेवटपर्यंत शेजारच्या डब्यातच टाका, इथले सांडपाण्याचे पाइप अरुंद असतात. बोट दिसायला लागली की धक्क्यावर डाव्या-उजव्या दोन रांगा होतात, एक गाड्यांची आणि एक चालत जाणाऱ्यांची. चालणाऱ्यांच्या रांगेत उभे राहा.